साठी उलटल्यावर दीड वर्ष परदेशी मिशनवर : हे आजी-आजोबा तिकडे दिवसभर करतात तरी काय?

शेवंती७१
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत यूटात राहतो. शेजारचे आजी-आजोबा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत. हल्ली त्यांना ते नाव आवडत नाही, २०१८ पासून वरूनच सांगणं आलंय की चर्चचं पूर्ण नाव घ्या, पण 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' दरवेळी टायपायचं म्हणजे बोटं दुखतात, म्हणून पुढे नुसतं एलडीएस लिहिते, कुणी सदस्य असाल तर सांभाळून घ्या.

आजोबा सदुसष्टचे, आजी थोड्या लहान. त्यांना मिशनचा कॉल आला, म्हणजे चर्चच्या कामाला जायचं बोलावणं, पश्चिम आफ्रिकेतलं घाना, अठरा महिने. मुलं-नातवंडं सगळी इथेच अर्ध्या तासावर, धाकट्या नातीला आत्ता कुठे दात येतायत, आणि हे घर भाड्याने देऊन, एक गाडी विकून, कुत्रा लेकीकडे सोपवून निघाले. आपल्याकडचे आई-बाबा नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, इथे सगळं उलटंच. आजींना विचारलं तिकडे नेमकं काय करणार, तर म्हणाल्या जे सांगतील ते.

मला फक्त पांढऱ्या शर्टातली, टाय लावून सायकलवर फिरणारी पोरं माहितीयेत. हे दोघंही दारं वाजवत फिरणार का? खर्च कोण करतं? गुडघे, बीपीच्या गोळ्या, या सगळ्याचं काय? आणि निरोपाला भेट काय द्यावी हेही सुचवा.

टिकोजीराव
मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

अक्रावासी
ताई, हा माझा विषय. मी बरीच वर्षं अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, नोकरीला होतो आणि आमच्याच कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यावर असं एक जोडपं राहायचं, ते गेलं की त्याच घरात दुसरं यायचं. त्यामुळे जवळून बघितलंय.

दारं वगैरे फार वाजवत नाहीत. ते काम पोरांचं, पोरं दोन वर्षं, पोरी दीड वर्ष. वयस्कर जोडप्यांना बहुतेक वेळा ठरलेलं काम असतं. आमच्या खालचे दोघं मिशनच्या ऑफिसात होते. काका हिशेब आणि घरं बघायचे, काकू कागदपत्रं, व्हिसा, पोस्ट. सकाळी सहाला दोघं कंपाउंडच्या आतल्या आत चकरा मारायचे, कारण बाहेर फुटपाथ नाही आणि उघडी गटारं. मग काका टाय लावणार, छातीवर काळी पाटी, आणि पिकअप काढून जे जायचे ते अंधार पडेपर्यंत.

घरं बघणं म्हणजे काय ते ऐका. या पोरांसाठी शहरभर फ्लॅट भाड्याने घेतलेले असतात. घानात १९६३ चा भाडेकायदा म्हणतो की सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायचं नाही, प्रत्यक्षात घरमालक वर्षाचं, दोन वर्षांचं एकरकमी मागतात आणि गोरा माणूस दिसला की आकडा आणखी फुगतो. काका आधी अमेरिकन पद्धतीने सरळ मुद्द्याला हात घालायचे आणि घरमालक नाराज. मग ऑफिसातल्या घानाच्या मुलाने शिकवलं की आधी बसा, पाणी प्या, घरच्यांची चौकशी करा, भाड्याचं नाव अर्ध्या तासाने काढा. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका हेही त्यानेच सांगितलं, ते आपल्याला सांगावं लागत नाही.

त्यात दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर. म्हणजे पोरांच्या जोड्या बदलतात, कोण कुठल्या गावाला, कोण नवा आला, कोण घरी चालला. त्या आठवड्यात पिकअपवर गाद्या, पंखे, गॅसची टाकी, आणि कोटोका विमानतळावर दिवसातून दोन-तीन खेपा.

काकूबाई
आणि जेवणाचं?? कोण करतं?

अक्रावासी
काकूच, सकाळी उठून. भात, चिकन, आठवड्यातून एकदा बाहेरून जोलोफ, म्हणजे टोमॅटोचा मसालेभात. फुफू, म्हणजे कसावा वगैरे कुटून केलेला गोळा, काकांना शेवटपर्यंत जमलं नाही, चावायला जायचे, ते गिळायचं असतं. काकूंना रेड-रेड फार आवडायचं, आपल्या चवळीच्या उसळीचा भाऊ, वर पामतेल, सोबत तळलेली केळी. मी एकदा त्यांना आपली उसळ नेऊन दिली तर म्हणाल्या अरे हे तर तेच, फक्त नारिंगी नाही.

मनमौजी
सगळं छान छान चाललंय म्हणून एक खडा टाकतो. गाद्या वाहा नाहीतर गॅसच्या टाक्या, शेवटी हेतू धर्मप्रसाराचाच ना? पोरं दारं वाजवणार आणि आजी-आजोबा त्यांचं बस्तान सांभाळणार, म्हणजे सैन्य आणि रसद. गरीब देशात जाऊनच का करायचं हे सगळं? आणि याच चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत प्रीस्टहुड, म्हणजे पुरोहितपद, नव्हतं, हे आफ्रिकेत कोणत्या तोंडाने सांगतात?

टिकोजीराव
आला रे आला. पॉपकॉर्नची दुसरी बॅच लावतो.

साल्टलेकची_सून
मनमौजी, प्रश्न रास्त आहे, आमच्या घरातही यावर वाद झालेत. मी स्वतः सदस्य नाही, नवरा आणि सासरचे आहेत. हेतू धर्मप्रसाराचा आहेच, तेही नाकारत नाहीत, चर्चचं कामच ते. पण "गरीब देशातच" हे बरोबर नाही. माझे सासू-सासरे इटलीत होते. इतर जोडपी जपानात, इंग्लंडमध्ये, चक्क अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यातही जातात. तुम्ही इच्छा कळवू शकता, म्हणजे थंडी चालेल, भाषा येत नाही, अमुक काम आवडेल वगैरे, पण शेवटी पत्र येतं तिथे जायचं.

सासू-सासऱ्यांचं काम ऐकून तर तुम्ही खूश व्हाल, त्यात एकाही माणसाशी धर्मावर बोलायचं नव्हतं. सरकारी अभिलेखागारात बसून जुन्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींची पुस्तकं पानापानाने कॅमेऱ्याखाली धरायची. दक्षिण इटलीत नेपोलियनच्या काळापासूनच्या नोंदी आहेत. फॅमिलीसर्च या चर्चच्या वंशावळी शोधणाऱ्या संस्थेचा इटलीच्या अभिलेखागारांशी तसा करारच आहे, आणि ते फोटो तिथल्या सरकारी साइटवर सगळ्यांना फुकट बघता येतात. सासूबाई पान उलटायच्या, सासरे बटण दाबायचे. पान उलटायला एक बोथट लाकडी पट्टी, शाई उडालेली पानं, मध्येच कुठल्याशा कारकुनाने समासात काढलेलं कोंबड्याचं चित्र. दिवसभर हेच. सासरे म्हणायचे, चाळीस वर्षांच्या संसारात मी हिच्याशी इतकं कमी कधी बोललो नाही आणि इतकं कमी कधी भांडलो नाही.

घाटावरचा
इटलीत गेले आणि कॉफी प्यायले नाहीत??? एलडीएसवाल्यांना चहा-कॉफी वर्ज्य ना?

साल्टलेकची_सून
हो ना. एस्प्रेसोच्या देशात. कॅफेत जाऊन बार्लीची 'ओर्झो' मागायचे. वेटर आधी दया दाखवायचा, मग सवयीने न विचारता आणून द्यायला लागला.

घाटावरचा
मला अठरा महिने चहा नाही म्हटलं तर मी विमानतळावरूनच परत येईन. धर्म राहू दे बाजूला.

काकूबाई
माझे हे अठरा तास राहणार नाहीत.

हिशोबनीस
खर्चाचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. माझा ऑफिसातला मित्र रिटायर होऊन गेला होता तेव्हा बसून आकडेमोड करून दिली होती. मूळ तत्त्व असं की जोडपं आपला खर्च आपणच करतं. पगार नाही. भाडं, खाणं, फोन, औषधं सगळं स्वतःचं. आधी लोक याच भीतीने जायचे नाहीत, म्हणून २०११ मध्ये चर्चने दोन गोष्टी केल्या. परदेशातल्या घराच्या खर्चाला महिना १४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली, वरचं चर्च भरणार. आणि मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने, यातली निवडता येऊ लागली. मात्र परदेशी जाऊन अठरापेक्षा कमी महिने राहायचं तर प्रवासखर्च स्वतःचा, असंही तेव्हाच ठरलं.

लोक विसरतात ती गोष्ट मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची. ते अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे वेगळा विमा लागतो, आणि मेडिकेअरचा हप्ता थांबवला तर परत आल्यावर दंडाची भानगड होऊ शकते. शेवंतीताई, तुमच्या आजोबांना हे नक्की विचारा. सोशल सिक्युरिटीची सरकारी पेन्शन तिकडे बसूनही खात्यात येत राहते. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं चालूच असतं. म्हणजे घरभाडं येणारं, पेन्शन बरी, कर्ज फिटलेलं, असेच लोक जाऊ शकतात. श्रद्धा सगळ्यांकडे असेल, दीड वर्षाचा खर्च सगळ्यांकडे नसतो.

रेव्हरंडची_नात
मनमौजींच्या मुद्द्याला माझी वेगळी पुरवणी. आम्ही चार पिढ्यांचे प्रोटेस्टंट. आमच्याकडे अमेरिकन मिशनवाले यायचे ते आयुष्य घेऊन यायचे. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं. त्यापुढे हे अठरा महिने म्हणजे ओळख व्हायच्या आत परतीचं तिकीट. यूटातल्या प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये वयस्करांना जेमतेम आठवडाभर शिकवतात म्हणे. भाषा नाही, माणसं कळायला वेळ नाही. मग त्यांच्या हातून गाद्या आणि गॅसच्या टाक्याच व्हायच्या, दुसरं काय होणार?

अक्रावासी
रेव्हरंडची नात, मुद्दा पटला आणि नाहीही. त्या काकूंना ट्वी या तिथल्या भाषेचे पाच-सहा शब्द यायचे, तेही नमस्कार-चमत्कारापुरते. पण इंग्रजी तिथली सरकारी भाषा, अडत नव्हतं. आणि काही कामांना मुदत छोटी असली तरी चालते. आमच्या इथल्या दुसऱ्या जोडप्यातल्या आजी रविवारी चर्च संपलं की मुलांना कीबोर्ड शिकवायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच शाखांत वाजवणारंच कुणी नसायचं, सगळं तोंडाने. त्या गेल्या तेव्हा दोन मुली सरावल्या होत्या आणि त्या पुढच्यांना शिकवत होत्या.

मनमौजी, १९७८ वरून आठवलं. त्या जूनमध्ये बंदी उठली आणि नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत पहिले मिशनरी पाठवले ती तरुण पोरं नव्हती, दोन वयस्कर जोडपीच होती. रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. मेबी सत्तरीचे होते. गंमत म्हणजे त्यांना दारं वाजवावीच लागली नाहीत. केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी चौदा वर्षं आधीपासून स्वतःहून मंडळ्या उभ्या केल्या होत्या, अमेरिकेला पत्रं पाठवून पाठवून थकले होते, नायजेरियात अँथनी ओबिन्ना तसेच. त्यांना सामील करून घेत नव्हतं ते चर्चच होतं. त्यामुळे "तुम्ही कोणत्या तोंडाने येता" हे विचारायचा पहिला हक्क जॉन्सन यांचा, आणि ते म्हणत होते "या". आता यावर तुमचं समाधान व्हावं असं माझं म्हणणं नाही.

आणि तिथलं सरकार डोळे मिटून बसलं होतं असंही नाही. जून १९८९ मध्ये घाना सरकारने या चर्चवर बंदी घातली, परदेशी मिशनरी देशाबाहेर काढले, इमारतींना कुलपं. नोव्हेंबर १९९० मध्ये उठली. तिथले जुने सदस्य अजून त्या काळाला 'फ्रीझ' म्हणतात.

मनमौजी
हे माहीत नव्हतं. तरी मदत आणि श्रद्धा एकाच माणसाच्या हातून वाटू नये हे माझं मत कायम. पण तुमच्या काकांनी त्या घरमालकाला पटवलं की नाही?

अक्रावासी
पटवलं. वर्षाचं आगाऊ आणि पाण्याची नवी टाकी मालकाच्या खर्चाने. काळ्या पॉलीटँकवरून त्या दोघांत जी दोस्ती झाली ती निघेपर्यंत टिकली.

डॉ_अनवाणी
मी नवजात शिशूंची डॉक्टर. मनमौजींच्या "एकाच हातून" वर थोडं. या चर्चचा मानवतावादी विभाग वेगळा चालतो, त्यातही अशी जोडपी असतात, व्हीलचेअर, पाणी, नेत्रतपासणी. माझा संबंध आला तो 'हेल्पिंग बेबीज ब्रीद'मुळे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१० मध्ये आणलेला कार्यक्रम, एलडीएसवाले त्यात भागीदार. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, पुसून कोरडं करा, पाठ चोळा, तरी श्वास नाही तर बॅग-मास्कने हवा द्या. दाईसाठी, नर्ससाठी, रबरी बाहुलीवर सराव.

मी ज्या प्रशिक्षणाला होते तिथे सामानाची जबाबदारी अशाच एका जोडप्याकडे होती. आजोबा शेवटच्या रांगेत बसून बाहुल्यांत पाणी भरत होते, कारण पाणी भरलं की त्यांना खऱ्या बाळाचं वजन येतं. एक बाहुली गळत होती तर खिशातून सायकलचं पंक्चर किट काढून चिकटवली. धर्मावर अवाक्षर नाही. कस्टममध्ये अडकलेले खोके सोडवायला तीन ऑफिसं फिरून आले होते आणि सगळ्यात जास्त कौतुक त्यांना त्याचंच होतं.

टिकोजीराव
म्हणजे हा आपला वानप्रस्थाश्रमच झाला की.

हिशोबनीस
वानप्रस्थात कस्टममधून खोके सोडवत नाहीत, आणि बायकोशी हिशेबाच्या शीटवरून भांडणही होत नाही.

काकूबाई
मला एकच विचारायचंय. चोवीस तास एकमेकांसोबत? इथे हे रिटायर झाल्यावर मी दुपारी मुद्दाम भाजी आणायला जाते.

साल्टलेकची_सून
काकूबाई, सासूबाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं. सुरुवातीचे दोन महिने फार वाईट गेले. आयुष्यभर ते कामावर, त्या घरात, आणि आता एकाच टेबलावर, एकच गाडी, एकच फोन. शेवटी त्यांनी ठरवून घेतलं की दुपारी तासभर त्या एकट्या फिरायला जाणार. तरुण मिशनऱ्यांना जोडीदाराला सोडून कुठे जाता येत नाही, सकाळी साडेसहाला उठायचं, सगळं वेळापत्रक. वयस्करांना तसं नाही. उशिरा उठा, टीव्ही बघा, घरी हवा तेव्हा फोन करा. पोरांना घरी दर आठवड्याला फोन करायची परवानगीच मुळी २०१९ मध्ये मिळाली.

खरा त्रास संध्याकाळी. चर्चमधली माणसं प्रेमळ पण आपापल्या घरी जातात, भाषा तोकडी, आठ वाजता काय करायचं? यूटात तेव्हा दुपारचे बारा, सगळे कामात नाहीतर शाळेत. सासूबाईंची सख्खी बहीण त्या काळात गेली. घरच्या कारणासाठी स्वतःच्या खर्चाने थोडे दिवस येऊन जायची मुभा असते, पण त्यांनी नाही जायचं ठरवलं. अंत्यविधी लॅपटॉपवर बघितला. परत आल्यावर सगळ्यांना इटलीचे फोटो दाखवायच्या, पण बहिणीच्या मुलांसमोर अजून अवघडतात. पुन्हा जाल का विचारलं तर सासरे लगेच हो म्हणतात आणि त्या विषय बदलतात.

शेवंती७१
बापरे, केवढं लिहिलंय सगळ्यांनी. आज आजींकडे जाऊन आले. साल्टलेकची सून, तुमचं शेवटचं वाचून मला त्यांच्याशी बोलताना जरा जपून बोलावंसं वाटलं. यलो फीवरची लस झाली, त्याशिवाय घानात घेत नाहीत. दातांची तपासणीही झाली, अर्जातच डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांचे कागद लागतात म्हणे. मेडिकेअरचं विचारलं, आजोबांनी कागद काढून बघितलं आणि "मी उद्या फोन करतो" म्हणाले, हिशोबनीस, धन्यवाद.

आणि काम कळलं! आजोबा मेकॅनिक होते, त्यांना गाड्या बघायच्या आहेत. आजींना पोरांच्या घरांची स्वच्छता तपासायची आहे. त्या जाम खूश आहेत, सहा मुलं वाढवली, आता दुसऱ्यांची पोरं ओरडायला मिळणार.

अक्रावासी
हाहा, स्वच्छता तपासणी म्हणजे मजा. आमच्या काकूंबरोबर एकदा सामान उचलायला गेलो होतो. एकोणीस वर्षांची चार पोरं दारात इस्त्रीच्या शर्टात, घर लिंबाच्या वासाचं. काकू आत गेल्या, बेड बघितले नाहीत, ओटा बघितला नाही, सरळ टॉर्च काढून गॅसच्या मागे मारला. मग फ्रीज पुढे ओढला. मग मच्छरदाणी हातात घेऊन उजेडाकडे धरून भोकं शोधली, पाण्याचा फिल्टर उघडून कँडलवर बोट फिरवलं. फ्रीजमागे जे निघालं त्याला एकेकाळी भात म्हणत असावेत. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीतून घरी केलेल्या कुकीज काढल्या आणि परत पिशवीत ठेवल्या. पोरांचे चेहरे! पुढच्या खेपेला घर आरशासारखं. मलेरियाच्या गोळ्या खरंच घेतात का हे त्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून बघायच्या. कुणाला ताप आला की रात्री दोघंच गाडी काढून दवाखान्यात.

रेव्हरंडची_नात
हे मात्र माझ्या आजीसारखं झालं. माघार घेत नाही, पण या काकू आवडल्या.

शेवंती७१
भेटीचं राहिलंच. मी छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर घ्यायचा विचार करतेय, भात तिकडे रोजचाच दिसतो.

अक्रावासी
ताई, थांबा! अमेरिकेतला कुकर नका देऊ. घानात २३० व्होल्ट आणि ब्रिटिश तीन चौकोनी पायांचे प्लग. लावल्या लावल्या धूर निघेल. कुकर तिथे बाजारात हवे तितके मिळतात. डोक्याला लावायचा चांगला टॉर्च द्या, लाइट जाण्याला तिकडे 'डुमसॉर' म्हणतात आणि ते जातातच. धारदार सुरी, झिपलॉक पिशव्या, आजोबांना टायरची हवा मोजायचा गेज. डिसेंबरात हरमटानची, म्हणजे सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ येते तेव्हा आजींसाठी व्हॅसलीन आणि डोळ्यांचे ड्रॉप्स.

काकूबाई
आणि आजींना एक मोठी छत्री द्या. दुपारी एकटीला फिरायला जाता येईल.

घाटावरचा
मी चहा म्हणणार होतो.

प्रशासक
घाटावरचा, चहाच्या प्रतिसादांसाठी वेगळा धागा काढावा. बाकी चर्चा चालू द्या.